करडी पडलेली गाणी

ईपी, म्हणजे ग्रामोफोनची छोटी रेकॉर्ड, उन्हात तिरपी धरायची. सकाळचं ऊन यासाठी चांगलं. दुपारी सगळंच चकाकतं आणि काही कळत नाही. तबकडी डोळ्यांसमोर आणायची आणि सावकाश फिरवायची. सात इंची तबकडी, दर बाजूला दोन गाणी, आणि दोन गाण्यांच्या मधे एक अरुंद गुळगुळीत पट्टी. नीट पाहिलं की दिसतं, चारातली तीन गाणी काळीभोर आहेत आणि एक करडं पडलं आहे. ते करडं गाणं गावानं पुन्हा पुन्हा मागून घेतलेलं असतं. जड पिकअप, म्हणजे सुई धरणारं डोकं, आणि झिजलेली सुई त्याच्या खाचेवरून इतक्या वेळा गेलेली असते, की खाचेच्या भिंती घासून निघतात आणि तिथे चकाकी उरत नाही.

नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही, हे मला माझ्या चुलतसासऱ्यांनी, काकाजींनी शिकवलं. तबकडी मिनिटाला 45 फेरे घेते, पण काठाजवळचा फेरा लांब आणि लेबलाजवळचा आखूड. आतल्या गाण्याच्या वाट्याला तेवढ्याच वेळात कमी लांबीची खाच येते, सूर दाटीनं कोरलेले असतात, आणि झीज तिथे आधी ऐकू येते. म्हणून आतलं गाणं खराब असेल तर मी लगेच वहीत काही लिहीत नाही. बाहेरचं करडं आणि आतलं काळं असेल, तर मात्र शंका राहत नाही. आणखी एक पुरावा असतो, तो रंगापेक्षा पक्का: सुई टाकल्याच्या खुणा. दुसरं गाणं हवं असेल तर वाजवणाऱ्याला त्या अरुंद पट्टीवर हातानं सुई ठेवावी लागायची, तीही लग्नाच्या गडबडीत, गॅसबत्तीच्या उजेडात. ज्या पट्टीवर बारीक ओरखड्यांची गर्दी, तिच्या पुढचं गाणं लोकांच्या आवडीचं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि लाऊडस्पीकरवाल्यांच्या रेकॉर्डी गोळा करते. हौसेनं विकत घेतलेल्या, घरात जपलेल्या रेकॉर्डींचे संग्राहक पुष्कळ आहेत. मी शोधते त्या पेट्या बंडीवरून गावोगाव फिरलेल्या आहेत. आमच्या भागात घरी रेकॉर्डप्लेअर म्हणजे एखाद्या देशमुखाच्या वाड्यातली चीज. बाकी सगळ्या गावानं रेकॉर्ड ऐकली ती कडुनिंबावर बांधलेल्या भोंग्यातून, कोणाच्या तरी लग्नात, पोळ्याला, गणपतीत, नवरात्रात. ओट्यावर बसलेल्यानं ऐकली, कोठ्यात शेण काढणारीनं ऐकली आणि शेजारच्या गावच्या वावरात ओलितावर असलेल्यानंही ऐकली. त्यामुळे इथे एका गाण्याच्या आठवणी विचारायला निघालं की अख्ख्या गल्लीत फिरावं लागतं.

1967-68 च्या सुमारास काकाजींनी साउंड सर्व्हिस सुरू केली आणि कॅसेटींचा जमाना येईपर्यंत चालवली. सामान थोडकं होतं. अहुजाचा अँप्लिफायर, ज्याला सगळे नुसतं ‘मशीन’ म्हणत. दोन भोंगे, एक माईक, रेकॉर्ड वाजवायची फिरकी, गाडीची 12 व्होल्टची बॅटरी आणि पत्र्याची पेटी. बऱ्याच गावांत तेव्हा वीज पोचली नव्हती. बॅटरी दारव्ह्याला नेऊन चार्ज करून आणायची, बंडीत तणसावर ठेवायची आणि लग्नघरी जायचं. रात्र चढत गेली की बॅटरी उतरायची, फिरकी मंदावायची आणि रफीसाहेबांचा आवाज जाड होत जायचा. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या कानात काही गाणी अशीच राहिली आहेत, मूळ चालीपेक्षा संथ. मी तीच गाणी बरोबर वेगात लावली, तर एक आजी म्हणाल्या, “हे एवढ्या घाईनं कावून म्हनते बाप्पा?”

कोणती रेकॉर्ड घ्यायची हे काकाजी बुधवारी ठरवत. रात्री 8 वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला लागायची. लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लावणारा, 1952 पासून चालत आलेला हा कार्यक्रम देशभर ऐकला जायचा, पण लाऊडस्पीकरवाल्यांसाठी तो धंद्याचा भाग होता. काकाजी वही घेऊन बसत, कोणतं गाणं कोणत्या पायदानावर चढलं ते लिहीत, आणि सलग वर जाणारं गाणं दिसलं की यवतमाळला नाहीतर अमरावतीला जाऊन त्याची ईपी आणत. नवी खरेदी व्हायची ती कापसाचा पैसा हातात आल्यावर. 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायची योजना, सुरू झाली आणि शेतकऱ्याला पैसे हप्त्यानं मिळू लागले, तेव्हा लग्नाच्या लाऊडस्पीकरचं भाडंही लोक हप्त्यानंच देऊ लागले. कोणी ज्वारी देई, कोणी तुरीची डाळ. त्या वह्यांपैकी एक अजून आहे. डाव्या पानावर गीतमालेची यादी, उजव्या पानावर कोणाकडे किती बाकी.

पाश्चात्त्य देशांत 45 फेऱ्यांची छोटी तबकडी 1949 मध्ये आरसीए व्हिक्टर या कंपनीनं बाजारात आणली. एका बाजूला एकच गाणं, मधलं भोक दीड इंचाचं. पोरांनी खिशातल्या पैशात एक आवडतं गाणं घ्यावं, असा तो सिंगलचा हिशेब. आपल्याकडे चालली ती ईपी, चार गाण्यांची, छोट्या भोकाची. एका सिनेमाची चार गाणी एका हलक्या तबकडीवर, मोठ्या तबकडीपेक्षा, एलपीपेक्षा, पुष्कळ स्वस्त. लाऊडस्पीकरवाल्याला याहून सोयीचं काही नव्हतं. बहुतेक ईपींच्या लेबलावर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आणि कोलकात्याजवळचं डमडम ही नावं दिसतात. तिथल्या कारखान्यातून निघालेली तबकडी आमच्या मातीच्या रस्त्यांवर येऊन पोचायची.

आता पेटी मिळवण्याबद्दल. जुना लाऊडस्पीकरवाला कुठल्या गावात होता हे विचारायला मी पानठेल्यावर जात नाही, मंडप-डेकोरेशनवाल्याकडे जाते. बहुतेक मंडपवाल्यांच्या घरात एक पिढी मागे लाऊडस्पीकरच होता. तिथे पेटीचं उत्तर साधारण ठरलेलं: विकली, फेकली, माळ्यावर आहे. माळ्यावर आहे म्हणाले तर मी घाई करत नाही. चहा घेते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसते. “माय, हे रेकाट नेऊन तू का करशीन? वाजत नाई थे,” असं ते म्हणतात, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

काही पेट्या फार वाईट अवस्थेत मिळाल्या. टिनाच्या छपराखाली, मे महिन्याच्या 45-46 अंशांच्या उन्हाळ्यात, लोखंडी पेटीच्या आत काय तापमान होत असेल ते सांगायला नको. रेकॉर्डचं प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आडव्या रचून वर काही जड ठेवलेलं असेल तर सगळ्या तबकड्या एकमेकींच्या आकारात वाकतात. एका गावात ज्वारीच्या वावरात पाखरं हाकायला दोरीला टांगलेल्या ईपी पाहिल्या. वाऱ्यानं फिरायच्या, चमकायच्या. त्या मी मागून घेतल्या आणि बदल्यात शाळेच्या संगणकाच्या जुन्या सीडी दिल्या. सीडी जास्त चमकतात, त्यामुळे सौदा दोघांनाही पटला.

धुण्याची पद्धत माझी मी बसवली आहे. पाणी साधं वापरायचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की खाचेत पांढरा थर बसतो. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच घ्यायचं. त्यात भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब, जास्त नाही. स्टीलच्या छोट्या डब्याची दोन झाकणं लेबलावर दोन्ही बाजूंनी दाबून धरायची म्हणजे कागद भिजत नाही. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, गोल फिरवायचा. आडवा कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवायची. वाकलेली तबकडी दोन जाड काचांमध्ये ठेवून वर वजन ठेवते आणि थंडीचे दिवस सोडून पुष्कळ आठवडे तशीच राहू देते. सगळ्या सरळ होत नाहीत.

जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या तर त्यांचा कारभार वेगळा. त्या लाखेच्या असतात. पूर्व विदर्भात, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर जी लाख धरतात, त्याच जातीची लाख. हातातून पडली की फुटली. स्पिरिट लागलं की वरचा थर विरघळला. ईपीला थोडं स्पिरिट चालून जातं, यांना अजिबात नाही. त्यांची खाचही रुंद, ईपीच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे ईपीची सुई तिच्यात तळाला जाऊन नुसती खरखर काढते. तिला जाड सुई वेगळीच लागते.

आणि एक गोष्ट मी कधीच पुसत नाही. लाऊडस्पीकरवाले लेबलावर नाव टाकत. पांढऱ्या ऑइल पेंटनं, लाल शाईच्या शिक्क्यानं, कधी नखपॉलिशनं. दोन लाऊडस्पीकरवाले एकाच लग्नात आले तर रेकॉर्डी मिसळत, म्हणून ही काळजी. कव्हरवर बारीक अक्षरात सूचना असतात: ‘वरात’, ‘पंगत’, ‘पाठवणी’, ‘आरतीनंतर’. एका कव्हरवर ‘सरपंचाच्या घरी नको’ एवढंच लिहिलंय आणि त्यामागचं कारण तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन प्रकारे सांगितलं. तिन्ही लिहून ठेवलीत.

संग्राहकांच्या जगात तबकडीला दर्जा देतात. न वाजवलेली ती मिंट, त्याखाली उतरत उतरत व्हीजी, म्हणजे व्हेरी गुड, वगैरे. करडी रेकॉर्ड तिथे कचऱ्याच्या भावाची, आणि लेबलावर कोणी नाव लिहिलेलं असेल तर किंमत आणखी पडते. मला हे मान्य नाही. न वाजवलेल्या तबकडीवर गाणं आहे, पण ते कोणीही ऐकलेलं नाही. माझ्यासाठी शिक्का असलेली, ओरखड्यांनी भरलेली ईपी मोलाची, कारण ती कोणत्या लग्नांना गेली हे अजून विचारता येतं. गाणं नीट ऐकायचं असेल तर त्याच ईपीची चांगली प्रत नागपूर-मुंबईच्या जुन्या बाजारातून मागवून घेते. अशा रीतीनं पुष्कळ ईपी माझ्याकडे जोडीनं आहेत, एक ऐकायला आणि एक वाचायला. पैसे यात जातात, आणि ते जावेत असं मला वाटतं.

आठवण काढून घेण्याचीही एक रीत आहे. “तुम्हाला कोणतं गाणं आठवतं?” असं विचारलं की लोक अडखळतात, मग कोणतंही प्रसिद्ध नाव सांगून मोकळे होतात. मी बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर सोबत नेते, ओट्यावर मांडते आणि त्या पेटीतलीच रेकॉर्ड त्या गावात लावते. प्रस्तावना करत नाही. सुईचा भार 2-3 ग्रॅमवर ठेवलेला असतो, म्हणजे जुन्या तबकडीला आणखी इजा नको. दोन कडवी होईपर्यंत दारातून माणसं यायला लागतात. मग मी फक्त लिहिते.

‘सूरज’ हा 1966 चा सिनेमा. त्यातलं ‘बहारों फूल बरसाओ’ हे शंकर-जयकिशन यांचं, हसरत जयपुरींनी लिहिलेलं, मोहम्मद रफींनी गायलेलं गाणं त्या वर्षी गीतमालेत पहिलं आलं. आमच्याकडे त्यानंतर पंधरा-वीस वर्षं नवरदेव या गाण्याशिवाय मांडवात आला नाही. मला मिळालेल्या या ईपीच्या जवळपास प्रत्येक प्रतीवर तेवढंच गाणं करडं आहे. काकाजी सांगतात, जानोशापासून मांडवापर्यंतचं अंतर ते आधीच पायी मोजून येत. गाणं साधारण किती वेळ चालतं हे पाठ होतं. मांडवाच्या दारात नवरदेव येताना मुखडा आला पाहिजे, यासाठी कडुनिंबावर एक पोरगा चढवून ठेवलेला असे. वरात मारुतीच्या पाराशी वळली की तो हात हलवी आणि काकाजी सुई टाकीत. हे काम त्यांनी ज्या बारकाईनं केलं त्याची नोंद कुठल्याही संगीताच्या इतिहासात नाही, म्हणून मी ती करते.

‘नीलकमल’ची ईपी आली की बाया गप्प होतात. 1968 चा सिनेमा, रवी यांचं संगीत, साहिर लुधियानवींचे शब्द, ‘बाबुल की दुआएँ लेती जा’. पाठवणीचं गाणं म्हणून ते सगळीकडे वाजतं, त्यात नवल नाही. पण एका गावात मी ही रेकॉर्ड लावली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या एक बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “माह्या लग्नात त्यानं हे गानं जेवनाच्या टायमालेच लावलं. माहा बाप पंगतीत भाजी वाढत होता. बादली तशीच ठेवली अन् कोठ्यात निंगून गेला.” आलू-वांग्याची भाजी होती, हेही त्यांनी सांगितलं. पंगत तशीच बसून राहिली. मग मोठ्या काकानं बादली उचलली. वडील कोठ्यात काय करत होते ते त्यांना त्या वेळी कळलं नाही. पुढे पहिल्या पोळ्याला माहेरी आल्या तेव्हा आईनं सांगितलं, की ते बैलांच्या गव्हाणीपाशी उभे राहून कडबा टाकत होते, जनावरं भरल्या पोटी असताना. वाजवणाऱ्यानं घाईत चुकीच्या पट्टीवर सुई ठेवली होती. त्यानं लगेच उचललीही. त्या बाईंना मात्र ते अर्धं वाजलेलं गाणंच आपलं वाटतं; पाठवणीच्या वेळी पूर्ण वाजलेलं त्यांना आठवत नाही, कारण तेव्हा त्या स्वतः रडत होत्या. त्या लग्नातली ती तबकडी माझ्याकडे आहे. तिच्या पट्टीवर ओरखडे खूप आहेत आणि त्यातला तो कोणता हे सांगता येणार नाही, तरी मी बाईंच्या हातात ती दिली आणि त्यांनी बोटानं चाचपून पाहिली.

‘शोले’ 1975 चा. पॉलिडोर कंपनीनं त्याच्या संवादांचीच रेकॉर्ड काढली होती आणि ती गाण्यांइतकीच गाजली. ती एलपी, 33⅓ फेऱ्यांची. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली येईपर्यंत आणि गणपतीच्या मांडवात रात्री उशिरापर्यंत ही रेकॉर्ड लागायची. एक सालदार भेटले, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबलेले. गब्बरचे, ठाकूरचे, बसंतीचे संवाद त्यांना ओळीनं पाठ, मधल्या घोड्यांच्या टापांसकट. मी विचारलं, कोणत्या टॉकीजला पाहिला होता? म्हणाले, “पिक्चर म्या कधी पायलाच नाई. आयकला.” तालुक्याला जायचं तर दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. नातवानं पुढे मोबाईलवर दाखवायचा प्रयत्न केला, त्यांनी थोडा पाहिला आणि बंद करायला सांगितलं. त्यांच्या मनातली टेकडी आमच्या गावामागचीच होती आणि ठाकूरचा वाडा तिसऱ्या गल्लीतला. ही एलपी मी दोन्ही बाजूंनी तपासली. करडेपणा सगळीकडे सारखा, कारण संवाद मधूनच कोणी लावत नसे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

असाच सारखा करडेपणा मला आणखी एका पेटीत दिसला. ती बौद्ध वस्तीतली, 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वाजणारी. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातल्या, वामनदादा कर्डकांच्या शब्दांतल्या भीमगीतांच्या तबकड्या, प्रत्येकीवर स्वच्छ निळ्या शाईत नाव. या घरात पेटी माळ्यावर नव्हती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, पुस्तकांच्या शेजारी, उभ्या रचलेल्या, प्रत्येकीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. सर्वांत जास्त वाजलेल्या आणि सर्वांत जास्त जपलेल्या. घरातले आजोबा म्हणाले, “हे इथंच राहीन.” मी मागणारही नव्हते. त्यांनी दिवसभर मला बसू दिलं, प्रत्येक रेकॉर्ड स्वतःच्या हातानं लावली, गाण्यातल्या ज्या ओळीला लोक उठून उभे राहत ती ओळ आली की ते बोट वर करत. माझ्या वहीत त्या पेटीसाठी सर्वांत जास्त पानं आहेत.

पॉप म्हणावं असं संगीत आमच्या गावात पोचलं ते ‘कुर्बानी’बरोबर, 1980 साली. कल्याणजी-आनंदजींचं संगीत असलेल्या या सिनेमात एकच गाणं संगीतकार बिद्दूंनी केलेलं, ‘आप जैसा कोई’, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित, आणि गायिका नाझिया हसन, जेमतेम पंधरा वर्षांची. त्या वर्षी गणपतीत ते गाणं भोंग्यातून आलं तेव्हाची गोष्ट एका अंगणवाडी सेविकेनं सांगितली. त्या नववीत होत्या. गाणारी आपल्याच वयाची आहे हे मैत्रिणीच्या भावानं कुठेतरी वाचलं होतं. “आमच्याच वयाची पोट्टी, अन् तिचा आवाज गावभर. आमाले तं ओसरीत मोठ्यानं हासाचीबी सोय नोती.” विहिरीवर पाणी शेंदताना या मुली ते हळू आवाजात म्हणायच्या. कोणाला इंग्रजी ढंग म्हणजे काय, सिंथेसायझर म्हणजे काय ठाऊक नव्हतं. त्यांना त्यातला निवांतपणा आवडला होता, कोणी घाई करत नाही असा आवाज. नाझिया 2000 साली गेल्या, वयाच्या पस्तिशीत. हे मी सांगितलं तर बाई म्हणाल्या, “थे तं मले अजून पंधराचीच वाटते.”

आणि एक खरोखरचं परदेशी सिंगल मिळालं, दिग्रसकडच्या पेटीत. बोनी एम, फ्रँक फरियान यांनी पश्चिम जर्मनीत घडवलेला तो गट, त्यांच्या गाण्यांवर तेव्हा शहरांतले गणपती नाचत होते. गावातला कोणी आखाती देशात नोकरीला गेला होता, त्यानं आणलं. मधलं भोक मोठं, आपल्या फिरकीच्या खुंटीला बसेना. लाऊडस्पीकरवाल्यानं हवाई चपलेचा गोल तुकडा कापून त्यात बसवला आणि मधोमध छिद्र पाडलं. केंद्र केसभर सरकलेलं असल्यानं गाणं झोके घेत वाजतं. चपलेचा तो निळा तुकडा मी काढलेला नाही. बाजारात अशा तबकड्यांसाठी प्लास्टिकची चकती मिळते, पण या गावानं हे गाणं झोके घेतच ऐकलं आहे.

सध्या एका ईपीनं मला धरून ठेवलं आहे. घाटंजीकडच्या पेटीतली. सिनेमा पडलेला, कोणाला नावही आठवत नाही, गीतमालेच्या वहीत त्यातलं एकही गाणं नाही. पण दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं इतकं करडं, की सुई त्यावर घसरते. काठाला सुई टाकल्याच्या खुणा दाट. लग्नाचं गाणं नाही, देवाचं नाही, नाचायचं नाही; साधं विरहाचं, तीन कडव्यांचं. कव्हरवर कोणतीही सूचना लिहिलेली नाही. पेटीचा मालक हयात नाही. त्याच्या मुलाचं म्हणणं, रात्री सगळा कार्यक्रम आटोपल्यावर, वायर गुंडाळण्याआधी बाबा भोंगा बंद करून एक रेकॉर्ड स्वतःपुरती, पिकअपच्या बारीक आवाजात लावत. तीच ही असेल, नसेल. कोणासाठी, का, हे त्याला माहीत नाही. मालकाची धाकटी बहीण वणीकडे दिलेली आहे आणि तिला जुन्या गोष्टी चांगल्या आठवतात असं सुनेनं सांगितलं. कापसाची वेचणी चालू आहे तोवर तिच्या घरी दिवसा कोणी सापडणार नाही. संक्रांतीनंतर जायचं ठरलंय. या ईपीची दुसरी प्रत तोपर्यंत नागपुरात मिळाली तर बरं, म्हणजे तिला गाणं नीट ऐकवता येईल. नाही मिळाली तर हीच लावीन, जेवढं वाजेल तेवढं.